उजवा, डावा, उजवा, उजवा : एमिल फिशर यांनी ग्लुकोजचा आकार कसा ओळखला

निपाणीच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे : बी.एस्सी.च्या सेंद्रिय रसायनाच्या पुस्तकात फिशर हे नाव पानोपानी येते, फिशर प्रोजेक्शन, फिशर इंडोल, फिशर एस्टरिफिकेशन. हे सगळे एकच गृहस्थ काय? आणि रेणूची रचना दाखवणारी एक्स-रे, एनएमआर यांसारखी साधने हाताशी नसताना ग्लुकोजमधला कोणता हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचा OH गट) उजवीकडे आणि कोणता डावीकडे, हे त्यांना कसे कळले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तुम्ही दिलेली तिन्ही नावे एमिल फिशर यांचीच आहेत. मात्र पुढे तुम्हाला आणखीही फिशर भेटतील. साखरेतील ओलावा मोजण्याची टायट्रेशनची जी पद्धत आहे ती कार्ल फिशर यांची. कोळशापासून तेल करण्याच्या प्रक्रियेतले फ्रान्झ फिशर वेगळे आणि रक्तातल्या हीमवर काम करणारे हान्स फिशर आणखी वेगळे. मी एकतीस हंगाम सीमाभागातल्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत काढले, आणि त्यांतली पहिली काही वर्षे मी स्वतः कार्ल आणि एमिल यांना एकच समजत होतो, हे कबूल केलेले बरे.

दुसरा प्रश्न खरा मोलाचा आहे. आमच्या कॉलेजात तो कुणी विचारला नाही आणि कुणी सांगितलाही नाही. ग्लुकोज म्हणजे ‘उजवा, डावा, उजवा, उजवा’ असे पाढ्यासारखे पाठ करून घेतले गेले आणि आम्ही ते परीक्षेत उतरवले. त्यामागे काय युक्तिवाद आहे हे मला नोकरी लागल्यावर बऱ्याच वर्षांनी समजले, आणि ज्या उपकरणावर मी रोज पाळीत पन्नास वेळा डोळा लावत होतो, त्या पोलरीमीटरच्याच जोरावर तो सगळा युक्तिवाद उभा आहे हे कळल्यावर थोडी लाजही वाटली.

पोलरीमीटर काय करतो ते आधी पाहू. साखरेच्या द्रावणातून एका प्रतलातला प्रकाश सोडला की ते प्रतल फिरते. नमुन्याचे २६ ग्रॅम वजन घ्यावे, शंभर मिलिलिटर करावे, लेड ॲसिटेटने निवळावे, गाळावे, २०० मिलिमीटरच्या नळीत भरावे आणि आकडा वाचावा. शुद्ध साखर असेल तर १००. याला आम्ही ‘पोल’ म्हणतो. आमच्या लॅबमध्ये शेजारी बसणारा सहकारी कन्नडमध्ये बोले आणि मी मराठीत, साखर त्याची ‘सक्करे’ आणि गूळ ‘बेल्ल’, पण पोल, ब्रिक्स (रसात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांचे शेकडा प्रमाण) आणि प्युरिटी (त्यात साखर किती, ते प्रमाण) हे शब्द दोन्हीकडे सारखेच होते.

एका हंगामात गव्हाणीची साखळी तुटून गाळप थांबले आणि तोडलेला ऊस यार्डात तीन दिवस उन्हात पडून राहिला. गाळप सुरू झाल्यावर पहिल्या रसाचा ब्रिक्स नेहमीपेक्षा वरच होता, कारण ऊस वाळला होता. पण पोल मात्र धाडकन खाली. नव्याने लागलेल्या पोराला वाटले की नळीत बुडबुडा राहिला असावा, म्हणून त्याने तीनदा नळी भरली. बुडबुडा नव्हता. शिळ्या उसात साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे पडतात. सुक्रोज प्रकाशाला उजवीकडे सुमारे ६६ अंश विशिष्ट वलन देते, ग्लुकोज उजवीकडे सुमारे ५३, पण फ्रुक्टोज डावीकडे तब्बल ९२. त्यामुळे दोन्ही मिळून झालेले मिश्रण उलट डावीकडेच ओढते. या उलटण्यालाच ‘इन्व्हर्शन’ म्हणतात. साखर थोडी गेली तरी पोल जास्त पडतो तो यामुळे.

आता विचार करा. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोघांचे रेणुसूत्र एकच आहे. मॅनोज आणि गॅलॅक्टोज या आणखी दोन शर्करांचेही तेच. सारे गोड, सारे पाण्यात सहज विरघळणारे, आणि सारे स्फटिक होण्याच्या बाबतीत कमालीचे हट्टी. १८८० च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञांना शर्करा नकोशा वाटत, कारण प्रयोगाच्या शेवटी हातात उरे ते चिकट पाकासारखे काहीतरी. ज्यांनी गुऱ्हाळावर काकवी हाताळली आहे त्यांना ही अडचण फार समजावून सांगावी लागणार नाही. शुद्ध स्फटिक नाही म्हणजे निश्चित वितळणबिंदू नाही, आणि वितळणबिंदू नाही म्हणजे दोन पदार्थ एकच की निराळे हे ठरवायचे साधन नाही.

ही कोंडी फोडणारे एमिल फिशर ९ ऑक्टोबर १८५२ रोजी जर्मनीत, कोलोनजवळच्या ऑइस्किर्शेन या गावी जन्मले. वडील लॉरेन्झ फिशर हे मोठे व्यापारी होते आणि मुलाने धंदा सांभाळावा अशी त्यांची इच्छा होती. मेव्हण्याच्या लाकडाच्या व्यापारात मुलाला घालूनही पाहिले, पण काही जमेना. हा धंद्याच्या कामाचा नाही, तेव्हा याला शिकू द्यावे, असे वडील अखेर म्हणाल्याचे सांगतात. १८७१ मध्ये फिशर बॉनला गेले, जिथे बेंझीनच्या कड्याचे जनक केकुले शिकवत होते. त्यांना ओढ भौतिकशास्त्राची होती. चुलतभाऊ ओटो फिशर यांनी त्यांना रसायनशास्त्राकडे वळवले आणि दोघे स्ट्रासबुर्गला आडॉल्फ फॉन बायर यांच्याकडे आले. तिथे १८७४ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि १८७५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आत, त्यांच्या हाती फिनाइलहायड्रॅझिन नावाचा नवा पदार्थ लागला. पुढे म्युनिक, एर्लांगेन, १८८५ पासून वुर्ट्सबुर्ग आणि १८९२ पासून बर्लिन, असा त्यांचा प्रवास झाला. पण सगळ्या कामाची किल्ली तेविशीच्या आतच खिशात पडली होती. फक्त ती कोणत्या कुलपाची आहे हे कळायला नऊ वर्षे गेली.

१८८४ मध्ये त्यांनी शर्करेच्या द्रावणात फिनाइलहायड्रॅझिन घालून तापवले तेव्हा तळाशी पिवळेधमक स्फटिक बसले. यांना ‘ओसॅझोन’ म्हणतात. पाकासारखी चिकट वस्तू एकदाची स्फटिकरूपात आली, तिला वितळणबिंदू मिळाला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचा चेहराही दिसू लागला. आजही वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला हा प्रयोग करून घेतात : ग्लुकोजचे ओसॅझोन सुयांच्या जुडीसारखे किंवा केरसुणीसारखे दिसते, माल्टोजचे सूर्यफुलासारखे, लॅक्टोजचे कापसाच्या बोंडासारखे. मात्र फिशर यांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळीच होती. ग्लुकोज, मॅनोज आणि फ्रुक्टोज या तिघांचे ओसॅझोन एकच येते. फिनाइलहायड्रॅझिन साखळीच्या फक्त पहिल्या दोन कार्बनांना हात लावते. तेव्हा त्या दोहोंखालचा भाग तिघांतही तंतोतंत सारखा असला पाहिजे. म्हणजेच ग्लुकोज आणि मॅनोज यांच्यात फरक आहे तो केवळ दुसऱ्या कार्बनावर.

आता वही आणि पेन्सिल घ्या, कारण यापुढचे नुसते वाचून समजणार नाही. १८७४ मध्ये फान्ट हॉफ आणि ल बेल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कार्बनाला चार दिशांना चार हात असतात असे मांडले होते. त्यानुसार ग्लुकोजच्या सहा कार्बनांपैकी मधल्या चारांवर हायड्रॉक्सिल एका किंवा दुसऱ्या बाजूला असू शकतो. म्हणजे एकूण सोळा शक्यता, आठ आणि त्यांची आठ आरशातली प्रतिबिंबे. उभी साखळी काढून हायड्रॉक्सिल उजवीकडे वा डावीकडे लिहिण्याची रीत फिशर यांनी १८९१ मध्ये आणली, तेच तुमचे फिशर प्रोजेक्शन. जोडीतला कोणता प्रत्यक्षातला आणि कोणता प्रतिबिंब, हे तेव्हा ओळखता येणे शक्यच नव्हते, म्हणून ग्लुकोजचा सर्वांत खालचा हायड्रॉक्सिल उजवीकडे आहे असे त्यांनी सरळ गृहीत धरले. उरले आठ.

पुढची पायरी अरॅबिनोजची. पाच कार्बनांच्या या शर्करेवर किलियानी यांच्या सायनाइडच्या पद्धतीने वरच्या टोकाला एक कार्बन चढवला की ग्लुकोज आणि मॅनोज दोन्ही मिळतात. तेव्हा अरॅबिनोजचे तीन कार्बन हेच ग्लुकोजचे खालचे तीन. आता अरॅबिनोजची दोन्ही टोके नायट्रिक आम्लाने सारखी केली, म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडे आम्लगट आला, तर काय होईल? आपल्याकडे लहान मुले ‘चिमा काय कामाची’ असे वाक्य उलटसुलट वाचून दाखवतात. हायड्रॉक्सिलांची रांग तशी, वरून आणि खालून सारखीच वाचता येणारी असेल, तर रेणूचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याचे प्रतिबिंब होतो, एकाचे वलन दुसरा खोडून काढतो आणि पोलरीमीटरचा काटा शून्यावर राहतो. उजवा-उजवा-उजवा किंवा उजवा-डावा-उजवा असते तर आम्ल निष्क्रिय, म्हणजे प्रकाशाचे प्रतल न फिरवणारे, निघाले असते. अरॅबिनोजचे आम्ल सक्रिय, म्हणजे प्रतल फिरवणारे, निघाले. म्हणून वरचा हायड्रॉक्सिल डावीकडे हवा : डावा-उजवा-उजवा किंवा डावा-डावा-उजवा, या दोनच शक्यता राहिल्या. (निसर्गात सापडणारे अरॅबिनोज वास्तविक आरशापलीकडच्या कुटुंबातले आहे आणि फिशर यांनी त्यावरच काम केले, युक्तिवादाला त्याने बाध येत नाही.)

आता ग्लुकोज आणि मॅनोज यांची टोके तशीच सारखी करून पाहा. दोघांचीही आम्ले सक्रिय आहेत. अरॅबिनोज जर डावा-डावा-उजवा असते, तर वर नवा कार्बन चढवल्यावर दोघांपैकी एकाची रांग उजवा-डावा-डावा-उजवा झाली असती, म्हणजे पुन्हा ‘चिमा काय कामाची’, आणि त्याचे आम्ल निष्क्रिय निघाले असते. तसे होत नाही. म्हणून अरॅबिनोज म्हणजे डावा-उजवा-उजवा, आणि ग्लुकोज-मॅनोज ही जोडी म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा आणि डावा-डावा-उजवा-उजवा. यांतले ग्लुकोज कोणते?

इथे फिशर यांनी जी चाल खेळली तिला माझ्या मते रसायनशास्त्रात तोड नाही. दोन्ही रांगा वहीत लिहा आणि वही पूर्ण उलटी फिरवा, म्हणजे वरचे खाली जाईल आणि उजवे डावीकडे येईल. डावा-डावा-उजवा-उजवा ही रांग फिरवल्यावर पुन्हा डावा-डावा-उजवा-उजवा अशीच दिसते. उजवा-डावा-उजवा-उजवा मात्र फिरवल्यावर डावा-डावा-उजवा-डावा होते, म्हणजे वेगळीच शर्करा. तेव्हा दोन्ही टोकांची अदलाबदल करून जर एखादी नवी शर्करा मिळत असेल, तर मूळ शर्करा पहिल्या रांगेची असली पाहिजे. फिशर यांनी ग्लुकोजपासून मिळणाऱ्या आम्लाचे दुसरे टोक परत शर्करेत आणले आणि त्यांना तोवर कुणी न पाहिलेली शर्करा मिळाली. तिचे नाव त्यांनी ‘ग्लु’ची अक्षरे उलटीपालटी करून ‘गुलोज’ ठेवले. ग्लुकोज आणि गुलोज, दोघांचे द्विआम्ल, म्हणजे दोन्ही टोकांना आम्लगट असलेले आम्ल, एकच. मॅनोजला असा जोडीदार असूच शकत नाही. म्हणून ग्लुकोज म्हणजे उजवा, डावा, उजवा, उजवा.

यात कुठेही रेणू ‘पाहिलेला’ नाही. सक्रिय की निष्क्रिय, एकच की निराळे, एवढ्या दोनच प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे उपकरणाकडून घेतली आहेत. आम्ही कारखान्यात त्याच उपकरणाला ‘किती’ एवढेच विचारत आलो.

वर लिहिले तितके ते सरळ सुचलेले नाही, आणि हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे. १८९०-९१ चा हिवाळा फिशर यांनी या कोड्यात घालवला आणि ते सुटले नाही. त्या वसंतात इटलीच्या किनाऱ्यावर बोर्डिगेरा येथे ते गुरू बायर यांच्यासोबत होते. पाच कार्बनांच्या शर्करांपासून नेमकी किती द्विआम्ले संभवतात, हा प्रश्न त्यांनी बायर यांना घातला. बायर यांनी तत्काळ पावाच्या गोळ्या आणि दात कोरायच्या काड्या घेऊन टेबलावर कार्बनाची प्रतिकृती करायला सुरुवात केली, बराच वेळ खटपट केली आणि शेवटी हात टेकले. नंतर वुर्ट्सबुर्गला परतल्यावर चांगल्या प्रतिकृती शांतपणे न्याहाळताना फिशर यांना उत्तर मिळाले. हे त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. कागदावर त्रिमिती दिसत नसेल तर शेंगदाणे आणि काड्या घ्यायला संकोच करू नका. पुढे नोबेल मिळवणाऱ्या दोघांनाही पावाचा चुरा लागला होता.

सुरुवातीला केलेले ते गृहीतक, खालचा हायड्रॉक्सिल उजवीकडे असण्याचे, तब्बल साठ वर्षे अधांतरी होते. १९५१ मध्ये हॉलंडच्या बाइफुट यांनी टार्टारिक आम्लाच्या क्षारावर एक्स-रेचा खास प्रयोग करून खरी बाजू ठरवली आणि फिशर यांचा अंदाज बरोबर निघाला. तो निव्वळ योगायोग होता; चुकला असता तर जगातली सगळी पुस्तके आरशात धरून वाचावी लागली असती, एवढेच. एका ठिकाणी मात्र फिशर यांचे चित्र अपुरे होते : ग्लुकोज बहुतांशी सरळ साखळी नसून सहाजणांचे कडे असते, हे हॉवर्थ आदींनी १९२० च्या दशकात पक्के केले.

शर्करांवरच्या कामातून फिशर आपसूक विकरांकडे, म्हणजे एन्झाइमांकडे वळले. मिथाइल ग्लुकोसाइड दोन प्रकारचे असते, फरक केवळ एका कार्बनावरच्या दिशेचा. यीस्टचा अर्क त्यातला अल्फा प्रकारच फोडतो आणि कडू बदामातले इमल्सिन बीटा प्रकारच. यावरून १८९४ मध्ये त्यांनी कुलूप आणि किल्लीची उपमा दिली, जी आज दहावीच्या मुलालाही माहीत आहे. शिळ्या उसात साखर फोडणारे इन्व्हर्टेजही असेच निवडक असते.

बाकीचे थोडक्यात सांगतो, जरी त्यातले प्रत्येक काम एकेका आयुष्याला पुरेल एवढे आहे. चहा-कॉफीतले कॅफिन, कोकोतले थिओब्रोमिन आणि लघवीतले यूरिक आम्ल ही एकाच मूळ सांगाड्याची लेकरे आहेत हे त्यांनी दाखवले, त्या सांगाड्याला ‘प्युरिन’ नाव दिले आणि १८९८ मध्ये तो प्रयोगशाळेत बनवलाही. शर्करा आणि प्युरिन यांच्या संश्लेषणासाठी १९०२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. बायर यांना ते १९०५ मध्ये, म्हणजे शिष्यानंतर तीन वर्षांनी मिळाले. त्यापुढे प्रथिने. अमिनो आम्ले एकमेकांना पेप्टाइड बंधाने जोडली जातात हे मांडून ते एकेक मणी ओवत गेले आणि १९०७ मध्ये अठरा अमिनो आम्लांची माळ त्यांनी तयार केली. फॉन मेरिंग यांच्यासमवेत केलेले व्हेरोनाल हे झोपेचे औषध १९०३ चे.

माणूस म्हणून ते शिस्तीचे आणि काहीसे करडे होते. त्यांच्या शिष्यांत ओटो डील्स आणि ओटो वारबुर्ग आहेत, दोघेही पुढे नोबेलचे मानकरी. पण १९०७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लीझे माइट्नर बर्लिनला आल्या तेव्हा स्त्रियांना फिशर यांच्या संस्थेच्या प्रयोगशाळांत प्रवेश नव्हता, आणि माइट्नर यांना तळघरातल्या सुताराच्या जुन्या खोलीत काम करावे लागले. पुढे बंदी उठली आणि फिशर यांनी त्यांना मदतही केली; तरी हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

घरची बाजू दुःखाची आहे. १८८८ मध्ये आग्नेस गेर्लाख यांच्याशी विवाह झाला आणि १८९५ मध्ये त्या तीन मुलगे मागे ठेवून वारल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिघांतले दोन मुलगे गेले. थोरला हेर्मान तेवढा राहिला. तोही शर्करांचाच रसायनशास्त्रज्ञ झाला आणि अखेरीस अमेरिकेत बर्कलीला प्राध्यापक होता. स्वतः फिशर यांना तरुणपणी सापडलेल्या फिनाइलहायड्रॅझिननेच ग्रासले. वर्षानुवर्षे त्याची वाफ आणि स्पर्श सोसल्याने त्यांच्या त्वचेवर आणि पचनावर कायमचा परिणाम झाला. हा पदार्थ रक्तातल्या तांबड्या पेशीही फोडतो, हे तेव्हा पुरते ठाऊक नव्हते. पुढे कर्करोगाचे निदान झाले आणि १५ जुलै १९१९ रोजी बर्लिनमध्ये त्यांनी आपले जीवन संपवले.

तुमच्या प्रॅक्टिकलला ओसॅझोन असेल तर हातमोजे घाला, फ्यूम कपाटातच काम करा आणि फिनाइलहायड्रॅझिन कधीही तोंडाच्या पिपेटने ओढू नका. आमच्या वेळी आम्ही ओढले आहे, आणि ते शौर्य नव्हते. सरांची परवानगी असेल तर एका नळीत स्वच्छ साखरेचे द्रावण घ्या आणि दुसरीत काकवीचे, आणि दोन्ही एकाच वेळी उकळत्या पाण्यात ठेवा. काकवीच्या नळीत पाच-दहा मिनिटांत पिवळी केरसुणी दिसू लागेल. साखरेची नळी बराच वेळ तशीच राहील, कारण सुक्रोजला स्वतःचे ओसॅझोन नाही. ते फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाल्यावरच पिवळे कण येतील. मग दोन्ही स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून त्यांतले ग्लुकोजचे कोणते आणि फ्रुक्टोजचे कोणते हे ओळखण्याचा प्रयत्न करा, आणि का ओळखता येत नाही ते जर्नलमध्ये लिहा.